तीन पदर आणि माझा व्हर्निअर

पहिला मणी फरशीवर पडला तेव्हा मी पेपर वाचत होतो. टक् असा एकच आवाज. मान वर करेपर्यंत मुगाची पिशवी फाटावी तसे बाकीचे खाली आले आणि हॉलभर पळाले. मुलगी दोन्ही हात गळ्याशी धरून उभी. "कुणीही हलू नका," ती म्हणाली. आम्ही कुणी हललो नाही, पण आमच्या हॉलच्या फरशीला मोरीकडे उतार आहे. मण्यांना तो बरोबर सापडला.

ही तीनपदरी माळ तिनं गोव्यात हणजुण्याच्या, म्हणजे पर्यटकांच्या अंजुनाच्या, बुधवारच्या बाजारात एका लमाणी बाईकडून घेतली होती. तिला 'बोहो' म्हणायचं असतं. एक पदर तुटला होता, दोन शाबूत होते. मी ३४ वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली. शेजाऱ्यांची शिलाई मशीन, सोसायटीच्या पंपाचं कपलिंग, देवळातल्या घंटेची जीभ, सगळं दुरुस्तीला माझ्याकडे येतं. "ठेव इथं, संध्याकाळपर्यंत देतो," मी म्हणालो. हे मार्चमध्ये. माळ झाली मेच्या दुसऱ्या आठवड्यात.

पहिली चूक आधीच कबूल करतो. एक पदर तुटलाय तर बाकीच्या दोघांचाही दोरा कुजलेलाच असणार, सगळंच नव्यानं ओवू, असं म्हणून मी चांगले दोन पदर कात्रीनं कापले. फोटो काढला नाही, कागदावर रेघ ओढली नाही. स्केच न काढता मशीन उघडणाऱ्या अॅप्रेंटिसला मी काय काय बोललो असेन, ते माझं मला आठवत होतं. फ्रिजखालचे, सोफ्याच्या फटीतले, मोरीच्या जाळीवर अडकलेले आणि कापून सुटे केलेले असे एकूण ३११ मणी जमले. मुळात किती होते ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ३११ हाच आकडा बरोबर धरला.

मी ते स्टीलच्या ताटात घेतले. ताटाला नुसता धक्का लागला की सगळे एका कडेला. दोन तास मी मणी निवडत होतो आणि ताट ते परत मिसळत होतं. हिनं स्वयंपाकघरातून एकदा वाकून पाहिलं आणि पोळ्यांच्या डब्यातलं फडकं आणून टेबलावर पसरलं. मणी जागच्या जागी बसले. ती काही न बोलता परत गेली.

मग मी व्हर्निअर काढला. वरच्या पदराचे निळे मणी सहा मिलिमीटरचे, मधल्या पदराचे तांबडे आठचे, खालच्या लांब पदराला रंगीबेरंगी बारीक काचमणी आणि मधोमध लोंबता, तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा थेंबाच्या आकाराचा खडा. हे झालं डोळ्यांचं माप. व्हर्निअर म्हणाला, आठचे मणी ७.६ पासून ८.३ पर्यंत आहेत. भोकं कुठे मध्यावर, कुठे बाजूला. हा माल मी आमच्या गेटच्या आतसुद्धा येऊ दिला नसता. फक्त सात तांबडे मणी अगदी एकसारखे भरले, भोकासकट. मी ते कौतुकानं बाजूला काढले. भिंगाखाली धरले तर आत बारीक बुडबुडे दिसले. काच होती ती! ५२ मधले ४५ अकीकाचे खडे आणि सात काचा, आणि मापात फक्त काचा. खडा ओळखायची आणखी एक रीत मला नंतर कळली. गालाला लावायचा. अकीक गार लागतो आणि काही वेळ गारच राहतो. काच त्यामानानं लवकर गरम होते. मी हे करत बसलेलो असताना दूधवाला आला होता. तो पैसे घेऊन झपाट्यानं गेला.

"बोहो म्हणजे नक्की काय?" मी मुलीला विचारलं.

"बोहेमियन, बाबा. म्हणजे मोकळं. जरा विस्कटलेलं."

"मग तुटलेलीच घालायची होतीस."

ती हसली नाही. त्या रात्री मी वाचत बसलो. बोहेमिया हा आजच्या चेक देशाचा पश्चिमेकडचा भाग. पंधराव्या शतकात रोमा लोकांचे तांडे फ्रान्सात पोचले, ते बोहेमियातून आले अशी समजूत झाली आणि फ्रेंचांनी त्यांना तेच नाव दिलं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या फाटक्या खिशाच्या चित्रकार-लेखकांना लोक त्याच नावानं ओळखू लागले, आणि तिथून ते सैल कपड्यांना, गळाभर माळांना चिकटलं. रोमांची भाषा मात्र हिंदी-मराठीच्याच कुळातली. त्यांचे पूर्वज निघाले होते आपल्याच बाजूनं. गंमत म्हणजे खऱ्याखुऱ्या बोहेमियातही याब्लोनेत्स नावाचं गाव आहे आणि ते काचेच्या मण्यांसाठीच नावाजलेलं आहे. इकडे साठ-सत्तरच्या दशकात हिप्पी हणजुण्याच्या किनाऱ्यावर उतरले, त्यांच्या मागे बाजार आला, आणि बाजारात आरसे-कवड्या-मणी घेऊन लमाणी बायका बसल्या. मी हे सगळं हिला उत्साहानं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "एवढ्या अडाणी-शहाण्या सगळ्यांना जमलं, मग तुम्हाला का जमत नाहीये?"

जमत नव्हतं हे खरं. पहिल्यांदा ओवली ती तंगूसमध्ये. घरात होता, मासेमारीचा नायलॉन, तुटायचा प्रश्न नाही. पण तंगूस रिळावर जसा वेटोळा बसलेला असतो तसाच राहतो. माळ मुलीच्या गळ्यात पडेचना, तारेसारखी उभी राहिली. त्यात गाठ घसरते. तीन गाठी मारल्या, चहा होईपर्यंत तिन्ही सुटल्या. दुसऱ्यांदा चांगला रेशमी दोरा आणला. माळ झकास पडली. मुलगी दोन दिवस ऑफिसला घालून गेली आणि तिसऱ्या दिवशी मणी एका डबीत घालून घेऊन आली. लिफ्टमध्ये तुटली होती. आकडा आता ३०८.

इथं मात्र मला माझा धंदा उपयोगी पडला. तुटलेला दोरा मी भिंगाखाली धरला. तो गाठीपाशी तुटलेला नव्हता, मण्याच्या आत तुटला होता, आणि टोक कापल्यासारखं नव्हतं, झिजून पिंजल्यासारखं होतं. मग मणी पाहिला. अकीकाला भोक एका बाजूनं आरपार पाडत नाहीत, तसं केलं तर पलीकडच्या तोंडाशी कपचा उडतो. म्हणून दोन्ही बाजूंनी पाडत आणतात आणि मध्यावर गाठ घालतात. ती दोन भोकं समोरासमोर आली नाहीत की आत पायरी राहते. तोंडाशीही धारदार कड असते. आमच्या भाषेत बर. बर न काढता पार्ट पुढे पाठवला होता, आणि पाठवणारा मीच. दोरा बिचारा दोन दिवस करवतीवर बसला होता.

तर मग बोहरी आळी. पुण्यात राहून इतकी वर्षं मी रविवार पेठेत फक्त नट-बोल्ट आणि पत्र्यासाठी गेलो. शेजारच्या गल्लीत भिंतभर मणी लोंबतात हे मला माहीतच नव्हतं. दुकानात सगळ्या मुली आणि बायका, आणि मी हातात व्हर्निअर घेऊन. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "काका, गिअर वायर की धागा?" गिअर वायर म्हणजे बारीक पोलादी तारा पिळून वर नायलॉनचा लेप दिलेली दोरी. तिचा गिअरशी काही संबंध नाही, हे मी त्याला दोनदा समजावून पाहिलं. "सात तारी की एकोणपन्नास तारी?" हा प्रश्न मात्र मला कळला. तारा जितक्या जास्त आणि बारीक, तितकी दोरी मऊ पडते. टोकाला गाठ मारत नाहीत. 'गिअर लॉक' नावाची दोन मिलिमीटरची नळी तारेवर चढवायची आणि पक्कडीनं चेपायची.

बारीक काचमण्यांना नंबर असतात. अकरा नंबर म्हणजे साधारण दोन मिलिमीटर, आठ नंबर तीन, सहा नंबर चार. नंबर वाढला की मणी बारीक. माझ्यामागे उभी असलेली कॉलेजची मुलगी यानं वैतागली होती, मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या वायर गेजचं असंच उलटं असतं. काचमणी वजनावर, खडे 'लाइन'वर. एक लाइन सोळा इंचांची. आठ मिलिमीटरचे असले तर तिच्यात पन्नासेक मणी. बरेचसे काचमणी उत्तर प्रदेशातल्या हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरहून येतात, असं त्या मुलानं सांगितलं. हरवलेल्या निळ्या मण्यांच्या जागी मी तीन फिरोजा मागितले. त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "फिरोजा हवाय की फिरोजा कलर?"

घरी येऊन जुन्या निळ्या मण्यावर मुलीच्या नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा बोळा फिरवला. कापूस निळा झाला. खाली पांढरा दगड, राखाडी शिरांचा. हाऊलाइट त्याचं नाव. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात १८६८ साली हेन्री हाऊ नावाच्या रसायनतज्ज्ञाला तो सापडला. पांढरा आणि सच्छिद्र, त्यामुळे रंग पितो आणि शिरांमुळे हुबेहूब फिरोजासारखा दिसतो. मुलीला सांगितलं तेव्हा तिला जरा वाईट वाटेल अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, "रंग छान आहे ना पण?" यावर टूलरूमकडे उत्तर नाही.

तांबडा अकीक मात्र अस्सल होता, आणि त्याच्यात मी अडकलो तो आठवडाभर. हा दगड गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतून निघतो आणि मणी होतो खंभातला. खाणीतून निघतो तेव्हा पिवळट-तपकिरी असतो. तो आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यांत भरून गोवऱ्यांच्या मंद आगीत भाजतात. आतल्या लोहाचा रंग पालटतो आणि दगड लाल होतो. आम्ही पोलादाला टेंपरिंग करताना रंगावरूनच तापमान ओळखायचो, तेव्हा हे मला ऐकूनच पटलं. आकार देण्याची तऱ्हा अजबच: जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकाला दगड टेकवायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं वरून टिचकी मारल्यासारखा ठोका द्यायचा. कपची उडते ती सळईच्या बाजूनं. पोलादी हातोडी चालत नाही, दगड फुटतो. आणि हे दगड घासणाऱ्यांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ बसते, सिलिकोसिस होतो, खंभातमध्ये कित्येक कारागिरांना झालाय. आमच्या ग्राइंडिंग सेक्शनमध्ये मास्क लावायला पोरं कंटाळायची. त्यांच्यावर ओरडायचा पगार मला मिळत होता. खंभातच्या घराच्या ओसरीत कोण ओरडणार?

एके दिवशी हिला म्हणालो, "अगं, तुझ्या माहेरचा पण संबंध आहे." हिचं माहेर पैठण. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणांत, पेरिप्लस म्हणतात त्यात, पैठण भरूचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचं आणि तिथून गाड्या भरभरून पट्ट्यांचे अकीक बंदरावर जात असल्याचं लिहिलंय. दख्खनच्या लाव्हात वायूचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत सिलिका थरावर थर बसत गेली, तो हा दगड. लहानपणी ज्या गारगोट्या आपण एकमेकींवर घासून ठिणग्या पाडायचो त्याच भावकीतला. ही म्हणाली, "बघा. आमच्याकडून जगभर मणी गेले, आणि तुमच्याकडून मोरीत."

तर तिसरा प्रयत्न. सगळ्या तांबड्या मण्यांची बर काढली. डायमंड नीडल फाइल माझ्याकडे होती, तिचं टोक भोकात घालून फिरवायचं, आणि ते पाण्याच्या वाडग्यात मणी बुडवून, म्हणजे धूळ उडत नाही. ५२ मण्यांना १०४ तोंडं. मग गिअर वायर. पहिलं गिअर लॉक मी माझ्या नेहमीच्या ताकदीनं चेपलं आणि आतली तारच तुटली. दुसरं नीट बसलं, पण मी तार ताणून घट्ट ओवली होती, मण्याला मणी चिकटून. माळ गळ्यात वळेना, कोनाकोनांत मोडली. सैल सोडावी लागते, दोन-तीन मिलिमीटर मोकळी. इतका क्लिअरन्स मी आयुष्यात कुणाला दिला नव्हता.

तीन पदर झाले: सोळा, सतरा आणि अठरा इंच. एकाखाली एक, बरोबर इंचाइंचानं. मुलीनं गळ्यात घातली, मी फोटो काढला. ती स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आली तोवर तिन्ही पदरांची वेणी झाली होती. सोडवली. पुन्हा वेणी. तासाभरात मी पाचदा सोडवली असेल.

दुसऱ्या दिवशी ती वेणी तशीच पिशवीत घालून तुळशीबागेकडे गेलो. तिथे एका कट्ट्यावर मंगळसूत्रं गाठवून देणारा बसतो, चाळिशीचा असेल. पायाच्या अंगठ्याला रेशमाचा फेरा अडकवलेला, दोरा ताणलेला, आणि दोन्ही हात मोकळे. ३४ वर्षं मी व्हाइस वापरला. हा माणूस व्हाइस बरोबर घेऊनच जन्माला आला होता. त्यानं माझी माळ बोटावर धरली, एकदा हलवली.

"काका, ही कुणी केली?"

"मीच."

"पट्टीनं मोजून?"

"अर्थात."

"गळा पट्टीवर असतो का?" त्यानं माझ्या शर्टावर दोरा धरून दाखवला. वरचा पदर गळ्याच्या मुळाशी बसला पाहिजे, मधला हाडाच्या खाली आला पाहिजे, तिसरा मोकळा लोंबला पाहिजे. पदरापदरात दोन-अडीच बोटं अंतर, आणि वजन खाली. माझं सगळं वजन मधल्या पदरात होतं, खडे तिथं, म्हणून तो हलायचा आणि शेजारच्या दोघांना गुंडाळून घ्यायचा. "आणि हे खडे तारेत कशाला? खड्याला गाठ हवी."

त्यानं एक गाठ मारून दाखवली. मला दिसली नाही. दुसरी दाखवली, तीही नाही. तिसऱ्यांदा हळू केली. मणी ओवायचा, दोऱ्याचा सैल फास करायचा, फासात सुई घालायची, आणि गाठ ओढायची नाही, सुईच्या टोकानं तिला सरकवत मण्याच्या अगदी बुडाशी न्यायची. मग सुई काढता काढता नखानं दाबायची. गाठ मण्याला चिकटून बसते. मणी मण्यावर घासत नाही, आणि उद्या तुटलीच तर एकच मणी पडतो. मुलीच्या मूळ माळेत गाठी असत्या तर आमच्या मोरीला काहीच मिळालं नसतं. मी त्याला गाठवायला दिली नाही. तो हसला, एक सुई मला तशीच दिली, पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर हिच्यापुढे दोरा धरून उभा राहिलो. "मान सरळ ठेव, माप घ्यायचंय." तिनं माझ्या हातातला दोरा बाजूला केला आणि आपली बोटं गळ्यावर ठेवली. "इथं ठुशी. ही इथं चिकटूनच असते. मग इथं बोरमाळ. त्याच्याखाली मोहनमाळ, आणि चंद्रहार थेट इथं." बोटं उतरत गेली, प्रत्येक मुक्काम ठरलेला. आमच्या लग्नात तिच्या अंगावर यातली फक्त ठुशी होती, तीही माझ्या आईची, आणि नंतर एका अडचणीत मोडली. बाकीच्या जागा तिला आत्याच्या गळ्याकडे बघून पाठ होत्या. मी तिच्या बोटांपाशी दोरा धरला, गाठी मारून खुणा केल्या. व्हर्निअर खोक्यातच राहिला.

मग गाठी. पहिल्या नऊ अधांतरी राहिल्या, मण्यापासून कुठे दोन, कुठे तीन मिलिमीटर दूर. त्या कापल्या. दहावी बसली. पंखा बंद, खिडकीतून येणारं ऊन, मान आखडलेली, आणि पुढच्या गाठीपर्यंत श्वास धरलेला. संध्याकाळपर्यंत ५३ गाठी झाल्या, आणि पदर भरला तो ठरवल्यापेक्षा चार सेंटिमीटर लांब! प्रत्येक गाठ पाऊण मिलिमीटर जागा खाते. त्रेपन्न गुणिले पाऊण. टॉलरन्स साठत जातो हे मी पोरांना फळ्यावर काढून शिकवत असे. पाच मणी कमी केले. काढताना त्या सात काचांपैकी पाच काढाव्यात असं मनात आलं, पण त्याच तेवढ्या मापात होत्या, हात होईना. पाच खडे काढले.

वरचा निळा पदर गिअर वायरमध्ये, आखूड. मधला तांबडा, गाठींचा. खालचा काचमण्यांचा पुन्हा तारेत, टोकाला तो पट्ट्यांचा थेंब, आणि त्याच्या वजनानं पदर सरळ राहतो. तिन्हींची टोकं मागे एकाच कडीत. मुलीनं घातली, पाणी पिऊन आली, वाकून चपला घातल्या, लिफ्टनं खाली जाऊन परत आली. पदर वेगळे होते. मला मात्र मधल्या पदरात डाव्या खांद्याजवळ एक गाठ दिसत होती, मण्यापासून एक मिलिमीटर सुटलेली.

"दे, तेवढी करून देतो."

"बाबा, हात लावू नका," ती म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी टेबलावर प्लॅस्टिकची एक छोटी पिशवी ठेवलेली. आत पिवळे पडलेले मोती, एक तुटका दोरा आणि तन्मण्याचं खोड. सासूबाईंचं. किती वर्षं कपाटात होतं मला माहीत नाही.

मी फडकं पसरलं, सुई घेतली.

"आधी फोटो काढा," स्वयंपाकघरातून आवाज आला.